डायबेटीस झालेल्या मांजराच्या बशीत काय, किती आणि कधी

मांजराला डायबेटीस झाल्याचं कळलं की घरात पहिलं वाक्य हेच निघतं: "पण आम्ही त्याला गोड कधी देतच नाही!" खरं म्हणजे मांजराला गोडाची चवच कळत नाही. गोड ओळखायला जी दोन जनुकं लागतात, त्यांतलं एक मांजराच्या कुळात निकामी आहे. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी घरचं मांजर, वाघ आणि चित्ता या तिघांतही ते तसंच असल्याचं दाखवलं. त्यामुळे मांजराच्या बाबतीत 'गोड बंद' याला काही अर्थ नाही. त्याच्या रक्तातली साखर वाढवतात भात, पोळी, बिस्किटं आणि सगळ्यांत जास्त म्हणजे पाकिटातले कोरडे दाणे.

आमचा गोट्या अकरा वर्षांचा बोका. नसबंदी झालेला, घरातच राहणारा, वजन पावणेसात किलोपर्यंत गेलेलं. डायबेटीस होणाऱ्या मांजरांत असेच जास्त असतात: मध्यमवयीन किंवा म्हातारे, लठ्ठ, नसबंदी झालेले बोके. पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा रिकामं व्हायला लागलं, त्याच्या शी-शूच्या ट्रेमधले वाळूचे गोळे मोठे झाले, खाणं वाढलं आणि तरी पाठीचे मणके हाताला लागायला लागले. मोरीत त्याने लघवी केली की तिथे मुंग्या जमायच्या. पुढे तो मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवून चालायला लागला. साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की पायांच्या नसा कमजोर होतात, त्याचं हे लक्षण. यातलं एक जरी दिसलं तरी आधी रक्त आणि लघवी तपासून घ्या. दवाखान्यात घाबरलेल्या निरोगी मांजराचीसुद्धा शुगर तीनशेच्या घरात जाऊ शकते, म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नका. डॉक्टरांना फ्रुक्टोसामीन तपासणीबद्दल विचारा. तिच्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज मिळतो.

बशी बदलायच्या आधी डॉक्टरांना फोन

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा. इन्सुलिनचा डोस मांजर आज जे खातंय त्यावर ठरलेला असतो. इन्सुलिन चालू असताना तुम्ही मनानेच दाणे बंद केलेत आणि नुसतं चिकन-मासे सुरू केलेत, तर तोच डोस दोन-चार दिवसांत जास्त होऊ शकतो. शुगर इतकी खाली जाते की मांजर लटपटतं, फिट येते, जीवही जातो. खाणं योग्य दिशेने बदललं म्हणूनच हे होतं, आणि प्रेमाने केलेल्या बदलात कुणाला धोका दिसत नाही. म्हणून आधी डॉक्टरांना सांगा की आपल्याला ओल्या, कमी कार्बच्या (म्हणजे कमी पिष्ट आणि साखरेच्या) खाण्यावर जायचं आहे. डोस किती कमी करायचा आणि शुगर कधी कधी बघायची, ते त्यांच्याकडून लिहून घ्या आणि मगच पहिला पाऊच फोडा.

किडनीचा त्रासही असेल तर हे आणखी महत्त्वाचं. म्हाताऱ्या मांजरांत दोन्ही दुखणी पुष्कळदा एकत्र असतात. किडनीसाठी फॉस्फरस सांभाळावा लागतो आणि डायबेटीससाठी प्रोटीन जास्त हवं असतं. तो मेळ घरी बसून घालता येत नाही.

मांजराला धान्य का नको

ह्यांनाही डायबेटीस आहे. त्यामुळे आमच्या घरी ज्वारीची भाकरी, मोजून भात, कोशिंबीर हे सगळं नीट बसलेलं आहे. गोट्याचं निदान झालं तेव्हा ह्यांनी फार मायेने विचारलं, "मग यालाही थोडी भाकरी चालेल ना?" नाही चालत. आपल्या जेवणात धान्याचा वाटा कमी करतात, मांजराच्या जेवणात त्याला जागाच नसते. मांजर पक्कं मांसाहारी आहे. त्याचं यकृत मांसातल्या प्रोटीनपासून लागेल तेवढी साखर सतत बनवत असतं. खाण्यातून एकदम आलेली साखर हाताळायला आपल्या यकृतात जे एन्झाइम असतं, ते मांजरात जवळजवळ नसतंच. ज्वारी, नाचणी, ब्राउन राइस, ओट्स ही माणसाची पथ्यं आहेत, त्याच्या बशीत ती नकोत.

ज्या घरात मांसाहार होत नाही तिथे हे जड जातं, मला कल्पना आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी शुद्ध शाकाहारी आहेत आणि त्यांची मनी वर्षानुवर्षं दूध-पोळीवर वाढलेली. त्यांनाही मी हेच सांगते. घरात शिजवणं नको असेल तर तयार ओल्या खाण्याचे पाऊच आणा आणि वेगळी बशी ठेवा, पण मांजराला शाकाहारी करू नका. दूधही नको. त्यात लॅक्टोज म्हणजे साखरच असते आणि मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना ती पचत नाही.

पाकीट वाचायचं कसं

पाकिटावर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. तिथे प्रोटीन, फॅट, फायबर आणि मॉइश्चर यांचे टक्के असतात. कार्बोहायड्रेट सहसा लिहिलेलं नसतं, ते आपण काढायचं. शंभरातून हे चारही आकडे वजा करा आणि वर राख, म्हणजे अॅश, वजा करा. राख लिहिली नसेल तर ओल्या खाण्यात २ आणि कोरड्यात ८ धरा. उरेल ते कार्ब.

समजा ओल्या पाऊचवर प्रोटीन १०, फॅट ५, फायबर १, मॉइश्चर ८० असं आहे. राख २ धरली की कार्ब उरले २. दाण्यांच्या पाकिटावर प्रोटीन ३०, फॅट १०, फायबर ४, मॉइश्चर १० असेल तर राख ८ धरून उरतात ३८. पण ओल्यात पाणीच जास्त असतं, म्हणून हे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. कॅलरीतला वाटा काढावा लागतो. प्रोटीन आणि कार्ब यांना प्रत्येकी ३.५ ने गुणा, फॅटला ८.५ ने, आणि तिन्हींची बेरीज करा. ओल्याचे ३५ अधिक ४२.५ अधिक ७, म्हणजे साडेचौऱ्याऐंशी कॅलरी, त्यातल्या कार्बच्या ७. साधारण आठ टक्के झाले. दाण्यांचे १०५ अधिक ८५ अधिक १३३, म्हणजे ३२३, त्यातले कार्बचे १३३. एक्केचाळीस टक्के!

डायबेटीसच्या मांजराला कार्बचा वाटा बारा टक्क्यांच्या आत ठेवतात आणि प्रोटीनचा चाळीसच्या वर. दिवसाला सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी धरल्या तर वरच्या दाण्यांतून पोटात सुमारे २६ ग्रॅम कार्ब जातात, त्याच कॅलरीच्या पाऊचमधून जेमतेम ५. पाकिटावरचे टक्के 'किमान' आणि 'कमाल' असे दिलेले असतात, त्यामुळे हिशेब काटेकोर निघत नाही. पण आठ आणि एक्केचाळीस यांतला फरक कळायला तेवढा पुरतो.

'ग्रेन-फ्री' या शब्दावर भुलू नका. धान्य काढून त्या जागी बटाटा किंवा वाटाणा घातलेला असतो आणि पिष्ट तिथेही आहेच. ओल्यातही 'ग्रेव्ही' लिहिलेले पाऊच नीट बघा, कारण रस दाट करायला बऱ्याचदा स्टार्च घालतात. गुळगुळीत वाटलेल्या मांसाचे, 'पॅटे' किंवा 'मूस' लिहिलेले प्रकार बहुतेक वेळा बरे निघतात. आणि 'कम्प्लीट' हा शब्द शोधा. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं असेल तर तो खाऊ आहे, जेवण नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं डायबेटीसचं खास खाणं असतं, त्यातही ओलं आणि कोरडं यांत निवड असेल तर मी ओलंच घेते. पाणी आपोआप पोटात जातं आणि बशी भरलेली दिसते.

घरी शिजवायचं असेल तर

नुसतं उकडलेलं चिकन आठवडाभर चालेल, महिनोन्‌महिने नाही. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, म्हणजे हाडं झिजणार. शिवाय टॉरिन, म्हणजे मांसात असणारं एक अमिनो आम्ल. मांजराला ते खाण्यातूनच लागतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं आणि टॉरिन दिलं की ते सुधारू शकतं. डोळ्यांच्या पडद्यावरही त्याचा परिणाम होतो. उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ज्या पाण्यात चिकन शिजलं ते कधी ओतून टाकू नका, बशीतच घाला. रोजचं जेवण घरचंच द्यायचं असेल तर कॅल्शियम, टॉरिन, जीवनसत्त्वं किती घालायची याचं प्रमाण आहार जाणणाऱ्या पशुवैद्याकडून लिहून घ्या आणि ते काट्यावर मोजा.

दिवसाच्या कॅलरीतला दहावा हिस्सा मात्र खुशाल घरचा द्या. मीठ-हळद-मसाल्याआधी बाजूला काढलेले चिकनचे तुकडे, उकडलेलं अंडं, काटे काढलेली वाफवलेली मांदेली. कांदा-लसूण एक कणसुद्धा नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या रश्श्यातून काढून धुतलेला तुकडा म्हणूनच चालत नाही. कच्ची मासळी रोज घालणं टाळा. काही माशांत बी-वन जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं, शिजवलं की ते जातं. कोळीण प्रेमाने टाकते ती मासळीची डोकी उकडून, मांस सोडवून, भातात न कालवता द्यायची. भात गेला की मांजर खाणार नाही असं वाटतं, पण त्याला ओढ वासाची असते. कलेजी आवडते म्हणून रोज देऊ नका, अ जीवनसत्त्व साठून सांधे धरतात.

किती आणि कधी

पाच किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे कॅलरी पुरतात. हिशेब आजच्या लठ्ठ वजनावर करायचा नाही, डॉक्टर जे योग्य वजन सांगतील त्यावर करायचा. ८५ ग्रॅमचे वरच्यासारखे तीन पाऊच म्हणजे साधारण २१५ कॅलरी होतात. लठ्ठ मांजराचं वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का एवढंच उतरू द्या. गोट्यासाठी ते पन्नास-साठ ग्रॅम होतं, म्हणून बाळांचा वजनकाटा आणला. निदानाच्या वेळी मांजर वाळलेलं असेल तर उलट, आधी पोटभर खाऊ द्या.

दिवसाच्या खाण्याचे दोन समान भाग करा आणि बारा तासांच्या अंतराने, इन्सुलिनच्या वेळी वाढा. आमच्याकडे सकाळी सात आणि संध्याकाळी सात. काही मांजरं एका बैठकीत अर्धंच खातात. त्यांना मधे दुपारी आणि रात्री झोपताना त्यातलंच थोडं दिलं तर हरकत नाही. जेवणानंतर कुत्र्यासारखी मांजराची शुगर एकदम चढत नाही. क्रम मात्र पाळायचा. आधी बशी ठेवायची, तो खायला लागला हे बघायचं, आणि तो खात असतानाच सुई द्यायची. गोट्याला सुई कधी लागली ते बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही.

निम्मंच खाल्लं तर डोस किती, काहीच खाल्लं नाही तर काय, याची उत्तरं आधीच डॉक्टरांकडून लिहून फ्रीजवर लावा. ती वेळ येते तेव्हा रात्रीचे साडेसात वाजलेले असतात आणि दवाखाना बंद असतो. सुई दिली की नाही असा संशय आला तर पुन्हा देऊ नका. एक डोस चुकल्याने फारसं बिघडत नाही, दोनदा दिलेला डोस जीव घेऊ शकतो.

पावसाळ्यात आणि मे महिन्यात उघडा पाऊच तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका. उरलेला झाकून फ्रीजमध्ये, आणि वाढताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं. थंड खाण्याला वास येत नाही आणि मांजर तोंड फिरवतं. मुंग्यांसाठी बशी पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा. पिण्याचं पाणी तर कधीच मोजून देऊ नका. ट्रे सारखा भरतो म्हणून काही लोक रात्री पाण्याचं भांडं उचलतात, तसं करू नका. शरीर साखर बाहेर टाकायला ते पाणी वापरत असतं.

फ्रीजमधल्या दोन बाटल्या

ज्या घरात माणसालाही इन्सुलिन आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचा. आपल्याकडे माणसांच्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि ग्लार्जिनसारखी, मांजरांना बऱ्याचदा दिली जाणारी इन्सुलिनं १०० युनिटची. सिरिंजही दोन: लाल टोपीची यू-४० आणि नारिंगी टोपीची यू-१००. १०० युनिटचं इन्सुलिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं तर त्याच खुणेला अडीचपट डोस जातो. पाच किलोच्या जिवाला हे झेपत नाही. ह्यांची बाटली आणि सिरिंज वरच्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात. गोट्याचं सगळं खाली निळ्या डब्यात, झाकणावर मांजराचं चित्र चिकटवलेलं. मेडिकलवाला 'ती नाही, ही घ्या, सारखीच आहे' म्हणाला तर घेऊ नका.

दाणे सुटत नसतील तर

पिलू असल्यापासून दाण्यांवर वाढलेलं मांजर मऊ खाणं ओळखतच नाही. 'भूक लागली की खाईल' हा माणसाच्या पोरांचा नियम इथे जीवघेणा आहे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी भरून कावीळ होते, आणि इन्सुलिनवरचं मांजर एक वेळ जेवलं नाही तरी डॉक्टरांना कळवायला हवं. सावकाश घ्या. आधी दाणे दिवसभर पडून ठेवणं बंद करून ठरलेल्या वेळांवर आणा. मग बशीच्या कडेला चमचाभर ओलं. मग ओल्यावर दाण्यांचा चुरा भुरभुरवा आणि तो दर दोन-तीन दिवसांनी थोडा कमी करत जा. कुणाला आठवडा लागतो, कुणाला दोन महिने. प्रत्येक पायरीला शुगर बघायची, कारण प्रत्येक पायरीला डोसची गरज बदलते.

शुगर घरी बघणं शिकून घ्या. कानाची कड गरम फडक्याने शेकायची, मागे कापसाचा बोळा धरायचा, कडेला हलकेच टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा आणि लगेच चिकनचा तुकडा द्यायचा. माणसाचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून दर वेळी तेच मशीन वापरा आणि कोणतं आहे ते डॉक्टरांना सांगा.

शुगर उतरली तर

मांजर अचानक लटपटायला लागलं, शून्यात बघत बसलं, विनाकारण ओरडायला लागलं, कोपऱ्यात डोकं टेकून राहिलं, किंवा मीटरवर साठच्या खाली आकडा आला तर विचार करत बसू नका. खाऊ शकत असेल तर खायला द्या, आणि यावेळी दाणेच द्या. घरातले सगळे दाणे वाटून टाकलेत तरी एक छोटा डबा यासाठी ठेवलेला असू दे. खात नसेल तर मध बोटावर घेऊन हिरड्यांना आणि गालाच्या आत चोळा. मध नसेल तर ग्लुकोज पावडर दोन थेंब पाण्यात कालवून. फिट आलेली असेल तर तोंडात बोट घालू नका, ओठांच्या कडेला लावा. पातळ काही घशात ओतू नका, फुप्फुसात जाईल. मग लगेच दवाखाना. मध लावल्यावर सावध झालं तरी जायचंच, कारण टोचलेलं इन्सुलिन अजून काम करत असतं.

याच्या उलटही घडतं. शुगर फार वाढलेली, मांजर खात नाही, उलट्या करतंय, मलूल पडलंय, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतोय. यालाही सकाळपर्यंत थांबायचं नाही.

बाकीची माणसं, बाकीची मांजरं

घरात दुसरं मांजर असेल तर त्यालाही हेच ओलं खाणं द्या, किडनीबिडनीचं काही नसेल तर त्याचंही भलंच होईल. नाहीतर दोघांना वेगळ्या खोलीत वाढा आणि पंधरा-वीस मिनिटांत बशा उचला. बाहेर फिरणाऱ्या मांजराच्या पट्ट्याला 'मला डायबेटीस आहे, खायला देऊ नका' अशी चिठ्ठी लावा आणि ज्या दोन-तीन घरी ते जातं तिथे स्वतः जाऊन सांगा. वहिनींना मी उकडलेल्या चिकनचा छोटा डबा देऊन ठेवला आहे. गोट्याचे लाड करायचे असतील तर त्यातला एक तुकडा. त्यांना हात लावायचा नसेल तर चिमटा आहे.

गावाला जाताना गोट्याला मुलगी सांभाळते. तिला जेवणं मोजून, डब्यांवर 'सकाळ-संध्याकाळ' लिहून देते, आणि वहीत पाच रकाने: वेळ, किती खाल्लं, शुगर, इन्सुलिन, ट्रे कसा होता. हीच वही दर वेळी डॉक्टरांपुढे ठेवते. ती बघून त्यांनी डोस हळूहळू खाली आणला, आता तो सुरुवातीच्या निम्म्यावर आहे आणि टाच जमिनीवरून उचलली गेली आहे. निदान लवकर झालं आणि शुगर नीट राहिली तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. ते डॉक्टरांनी थांबवायचं, आपण नाही. सुटलं तरी दाणे परत आणू नका, आजार परत येऊ शकतो. बशी तीच ठेवा आणि पुढेही ठरावीक दिवसांनी वजन आणि शुगर बघत राहा.